बसस्थानक ते बाजार समिती : दुभाजक सुशोभीकरणाच्या प्रकल्प नोंदी

१८ मार्च २०२५

बसस्थानकापासून बाजार समितीच्या फाटकापर्यंतचा आमच्या गावातला मुख्य रस्ता गेल्या वर्षी चौपदरी आणि सिमेंटचा झाला. त्यातील सव्वा किलोमीटर लांबीचा दुभाजक मात्र तेव्हापासून तसाच पडून आहे. नगर परिषदेने त्याच्या सुशोभीकरणाचे काम आमच्या रोपवाटिकेकडे सोपवल्यामुळे आज कनिष्ठ अभियंत्यांसह पहिली पाहणी केली. दोन्ही कर्बांमधील, म्हणजे दुभाजकाच्या कडेच्या उंच काठांमधील, आतली रुंदी १.२ मीटर भरते. वळणासाठी सोडलेले सहा कट आणि दिव्यांच्या खांबांचे चबुतरे वगळले, तर लागवडीसाठी सुमारे १,१५० मीटर लांबी उरते. वरून पाहता सगळीकडे माती दिसते, पण ठिकठिकाणी चाचणीखड्डे घेतल्यावर वीतभर मातीच्या थराखाली फुटलेले काँक्रीट, सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या, बांधणीची तार आणि घट्ट दबलेला मुरूम लागला. रस्त्याच्या ठेकेदाराने काम आवरताना उरलेले सगळे साहित्य मध्ये लोटून दिले असावे. अंदाजपत्रकात ‘३० सेंटिमीटर माती भरणे’ अशी बाब धरलेली आहे. ती या मलब्यावर भरायची की मलबा काढून, याचा उल्लेख त्यात नाही.

२६ मार्च

मृद परीक्षणाचा अहवाल आला. सामू (पीएच) ८.६ असून मुक्त चुन्याचे प्रमाण जास्त आहे. यवतमाळ जिल्ह्यातील काळ्या जमिनी मुळातच विम्लधर्मी असतात आणि त्यात सिमेंटच्या चुऱ्याची भर पडलेली असल्याने हा आकडा अनपेक्षित नाही. झाडांच्या मूळ यादीतील एक्झोरा हे फुलझाड त्यामुळे आजच बाद केले. अशा जमिनीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही, कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात, आणि मग दर महिन्याला फेरस सल्फेटची फवारणी करत बसावे लागते.

मलबा काढून ६० सेंटिमीटर खोलीपर्यंत नवी माती भरण्याचा प्रस्ताव दिला. लांबी, रुंदी आणि खोलीचा गुणाकार ८२८ घनमीटर, म्हणजे जवळपास २९३ ब्रास येतो. रोपांपेक्षा मातीवर अधिक खर्च होणार हे ऐकून कार्यालयात थोडी नाराजी दिसली. दुभाजक ही सव्वा किलोमीटर लांबीची कुंडी आहे, तिच्यात एकदा झाड लावले की माती पुन्हा बदलता येत नाही, एवढेच मी सांगितले. मुख्याधिकारी साहेबांनी, जे सध्या प्रशासकही आहेत, बाब बदलण्यास तत्त्वतः मान्यता दिली.

४ एप्रिल

आजचा दिवस पाण्याच्या प्रश्नावर गेला, आणि तो या कामातील खरा प्रश्न आहे असे माझे मत झाले आहे.

रस्त्याखालची जमीन काळी आहे. या मातीतील चिकणमातीचे खनिज पाणी शोषून फुगते आणि वाळले की आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच कारणाने. दुभाजकात रोज पाणी दिले आणि ते आडवे झिरपत रस्त्याच्या पायाखाली गेले, तर पट्ट्यालगतची जमीन फुगलेली आणि पलीकडची कोरडी राहील, आणि काही वर्षांत काँक्रीटच्या फळ्या दुभाजकाच्या बाजूने उचलल्या जातील. दुसरीकडे, पाणी बाहेर जाऊ नये म्हणून चहूबाजूंनी बंदिस्ती केली, तर पावसाळ्यात मुळे पाण्यात उभी राहतील. म्हणजे उन्हाळ्यात पाणी आत राहावे आणि पावसाळ्यात बाहेर जावे, अशी दोन परस्परविरुद्ध कामे एकाच चरातून करून घ्यायची आहेत.

अभियंत्यांशी चर्चेअंती असे ठरले की दोन्ही कर्बांच्या आतील बाजूस जाड प्लॅस्टिकचा एचडीपीई पडदा उभा लावायचा, तळ मात्र मोकळा ठेवायचा नाही तसा बंदही करायचा नाही. तळाशी खडीचा थर देऊन त्यात छिद्रे असलेला ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप टाकायचा आणि त्याचे तोंड बाजार समितीजवळच्या नाल्यावरील मोरीत सोडायचे. रस्त्याला त्या दिशेने नैसर्गिक उतार आहे, हे आपले नशीब. खडी आणि माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइलचे कापड येईल, नाहीतर बारीक माती पहिल्याच पावसात खाली उतरून पाइप बुजवेल. पाणी ठिबकनेच द्यायचे, टँकरच्या नळीने कधीही नाही, ही अट करारात लिहून घेतली.

१६ एप्रिल

खोदकाम सुरू झाले. दिव्यांची केबल नकाशात एका बाजूने दाखवली आहे, प्रत्यक्षात ती नागमोडी जाते आणि काही ठिकाणी हातभरही खोल नाही. त्यामुळे यंत्र बाजूला ठेवून टिकाव-फावड्यानेच काम करावे लागत आहे. उन्हामुळे कामाची वेळ सकाळी सहा ते अकरा ठेवली आहे. मजुरांना चमकत्या पट्ट्यांची जाकिटे दिली असून खोदाईच्या आधी बऱ्याच अंतरावर शंकू आणि वळणाची पाटी लावली आहे. तरीही दुचाकीस्वार शंकूंच्या मधून वाट काढतात.

२१ एप्रिल

ठिबकची नळी एका भागातून दुसऱ्या भागात नेण्यासाठी प्रत्येक कटच्या खालून रिकामा पाइप टाकलेला असणे आवश्यक होते. सहापैकी चार ठिकाणी तो आहे, दोन ठिकाणी काँक्रीट थेट जमिनीवर ओतलेले आहे. नवा रस्ता फोडण्याची परवानगी मिळणार नाही आणि मिळू नये. या दोन्ही कटच्या पलीकडील भागाला रस्त्याच्या कडेने वेगळी मुख्य नळी आणून जुन्या मोरीतून आत घ्यायची, असा मार्ग निघाला; तो लांबचा आणि खर्चिक आहे. चौपदरी रस्त्याची कामे अजून अनेक गावांत व्हायची आहेत. दुभाजकात पुढे काय लावायचे हे ठरलेले नसले, तरी काँक्रीट ओतण्यापूर्वी प्रत्येक कटखाली एक पाइप टाकून ठेवावा. त्याचा खर्च एका रोपाच्या कुंपणाइतकाही नसतो.

२९ एप्रिल

झाडांची निवड करण्यासाठी नगर परिषदेत बैठक झाली. दोन माजी नगरसेवक, व्यापारी मंडळाचे प्रतिनिधी आणि शाळेचे मुख्याध्यापक उपस्थित होते. नागपूरला पाहिलेले पाम लावावेत, असा एक आग्रह होता. पामला सावली नाही, समोरच्या दिव्याची तिरीप तो अडवत नाही आणि त्याची वाळलेली झावळी दुचाकीस्वाराच्या अंगावर पडू शकते, हे सांगितल्यावर आग्रह बराच सैल झाला. कोनोकार्पस स्वस्त मिळतो आणि भराभर वाढतो म्हणून तोही सुचवण्यात आला. त्याची मुळे जलवाहिन्या आणि गटारांत शिरतात, परागकणांचा त्रास होतो अशा तक्रारींमुळे गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, हे निदर्शनास आणून दिले. आपली पिण्याच्या पाण्याची मुख्य वाहिनी याच रस्त्याच्या कडेने जाते, त्यामुळे हा विषय तेथेच संपला.

मुख्य झाड कण्हेर ठरले. एकदा मूळ धरले की ती आमच्या उन्हात तग धरते, बुडापासून दाट फुटते, छाटणी सोसते आणि शेळ्या तिला तोंड लावत नाहीत. तोंड न लावण्याचे कारण असे की तिचा प्रत्येक भाग विषारी आहे, आणि हाच गुण छाटणीच्या वेळी डोकेदुखी होणार आहे. त्याची नोंद योग्य वेळी करीन. उंचीचा हिशेब असा, की इंडियन रोड्स काँग्रेस या रस्तेबांधणीची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या निकषांत चालकाच्या डोळ्यांची उंची १.२ मीटर धरलेली आहे, म्हणून समोरून येणाऱ्या गाडीचा झोत अडवायचा तर कुंपण त्याहून थोडे उंच, दीड मीटरपर्यंत ठेवावे लागेल. कापसाच्या हंगामात रात्री जिनिंगकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग लागते, तेव्हा याचा उपयोग कळेल.

मात्र हीच उंची कटजवळ घातक ठरते. ताशी ४० किलोमीटर वेगाला थांबण्यासाठी लागणारे दृष्टिअंतर त्याच निकषांत ४५ मीटर आहे. वळणाऱ्याला दोन्ही दिशांनी येणारे वाहन दिसायचे, तर प्रत्येक कटच्या दोन्ही अंगांना तेवढी लांबी बुटक्या झाडांची हवी. सहा कटांचे मिळून ५४० मीटर होतात, म्हणजे लागवडीच्या लांबीचा जवळजवळ अर्धा भाग! उपस्थितांना हे पटायला वेळ लागला, कारण सगळ्यांच्या मनात सलग हिरवी भिंत होती. मुख्याध्यापकांनी शाळा सुटण्याच्या वेळचे चित्र सांगितले आणि निर्णय झाला. या भागात सदाफुली आणि छाटून गुडघ्याखाली ठेवता येणारी ड्युरांटा लावायची.

तगर सर्वांनाच हवी होती, तीही पांढऱ्या फुलांसाठी. मारुतीच्या देवळासमोर ती लावू नये असे मी सुचवले. आमच्या रोपवाटिकेत काम करणाऱ्या मावशींनी आधीच सांगून ठेवले होते, “हे फुलं तं देवाले लागतेच, पहाटेपासून लोकं येतीन तोडाले.” पहाटेच्या अंधारात दुभाजकावर उभे राहून फुले तोडणारी माणसे हा धोका ओढवून घेण्यात अर्थ नाही. देवळासमोरच्या पट्ट्यात बोगनवेल लावायची. ती देवाला वाहत नाहीत आणि तिचे काटेही कामी येतील. तगर बाजार समितीकडच्या टोकाला, जिथे कडेला वस्ती नाही, तिथे घेतली.

१४ मे

मातीचे मिश्रण भरणे चालू आहे. तलावातील गाळ फुकट मिळत असल्याने पूर्ण गाळच भरावा, अशी सूचना आली होती. गाळ कसदार आहे, पण तोही चिकणच. दुभाजकात भरला तर उन्हाळ्यात तडकेल आणि पावसात चिखल होईल. एक भाग गाळ, दोन भाग चाळलेला मुरूम आणि एक भाग कुजलेले शेणखत असे प्रमाण ठेवले. शेणखत मागच्या वर्षीचे, पूर्ण कुजलेले मिळाले. कच्च्या खताबरोबर हुमणी आणि गाजरगवताचे बी दोन्ही येतात.

मातीची पातळी कर्बच्या माथ्यापासून १० सेंटिमीटर खाली ठेवण्यावर मी अडून बसलो आहे. बहुतेक ठिकाणी दुभाजकात मधोमध वरंबा करून माती कर्बच्या वर आणतात, ती दिसायला भरदार असते, आणि पहिल्या पावसात तीच माती रस्त्यावर उतरून दुचाक्या घसरतात.

२७ मे

काल मोसमी पाऊस मुंबईत पोहोचल्याची बातमी आल्यापासून लागवड आजच सुरू करावी, असा सगळीकडून आग्रह सुरू झाला आहे. आपल्याकडेही वळवाच्या सरी पडून गेल्या असून माती वरून ओली दिसते. रोपे गाड्यांतून उतरवून घेतली, मात्र लावली नाहीत. ती रोपवाटिकेत हिरव्या जाळीखालून काढून उघड्यावर, रोज थोडे कमी पाणी देऊन ठेवली आहेत.

९ जून

मृग लागला, पाऊस नाही. कोरडा वारा आणि चटके देणारे ऊन आहे. मे महिन्यात ज्यांनी शेतात धूळपेरणी उरकली, ते आभाळाकडे डोळे लावून आहेत. आमची रोपे अजून पिशवीतच आहेत याबद्दल आता कोणी विचारत नाही. या वेळाचा उपयोग ठिबक पूर्ण करण्यासाठी केला. प्रत्येक पट्ट्यात दोन नळ्या, ५० सेंटिमीटरवर ताशी ४ लिटरचा एक ड्रिपर, असे एकूण ४,६०० ड्रिपर बसले. सगळे एकदम चालवले तर तासाला १८,४०० लिटर पाणी लागेल, आणि नगर परिषदेच्या कूपनलिकेत तेवढा उपसा नाही. म्हणून चार विभाग केले. एका वेळी एक विभाग, पहाटे चारनंतर. पाणी जड असल्याने ड्रिपरच्या तोंडाशी क्षार साचणार हे नक्की आहे, त्यासाठी प्रत्येक नळीच्या टोकाला धुण्याची झडप ठेवली.

२३ जून

पाऊस स्थिरावला; लागवड तीन दिवसांपासून जोरात चालू आहे. काही रोपे आंध्र प्रदेशातील कडियमहून आलेल्या मालातील आहेत. त्यांचा गोळा लाल मातीचा आणि घट्ट दाबलेला असतो. असा गोळा तसाच काळ्या मिश्रणात ठेवला, तर मुळे गोळ्याच्या आतच फिरत राहतात आणि माती आकसली की त्याच्याभोवती पोकळी तयार होते. त्यामुळे प्रत्येक गोळा बोटांनी बाहेरून सैल करून, गुंडाळलेली मुळे छाटून मगच लावण्यास सांगितले आहे. काम सावकाश होते, पण मजूर स्त्रियांचा हात याला बसला आहे.

२५ जून

आच्छादनासाठी सोयाबीनचे कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, सुचवले गेले. ते टाकले तर गावातली सगळी ढोरे दुभाजकावर येतील. त्याऐवजी यंत्राने बारीक केलेली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, पसरली. हंगाम संपल्यावर पऱ्हाटी शेतात उभी किंवा गंजी लावून ठेवू नये, तिच्यात गुलाबी बोंडअळी दडून राहते, असे कृषी विभाग दर वर्षी सांगतो, तेव्हा तिचा हा उपयोग बरा.

११ जुलै

दोन दिवसांच्या मुसळधार पावसानंतर पाहणी केली. मोरीतल्या पाइपमधून स्वच्छ पाणी वाहत आहे, म्हणजे कापड काम करीत आहे. भरलेली माती काही ठिकाणी बरीच खचली असून तिथे मिश्रणाची भर घातली. रस्त्यावर माती उतरलेली नाही.

बाजाराच्या दिवशी लोक दुभाजक कुठून ओलांडतात, हे आता चिखलातील पावलांवरून स्पष्ट दिसते. पादचाऱ्यांसाठी आखलेला पट्टा कटजवळ आहे, पण भाजीबाजारातून समोरच्या काळीपिवळीच्या थांब्याकडे जाणारी माणसे सरळ मधूनच जातात, आणि डोक्यावर टोपले असलेल्या बाईने शंभर पावले वळसा घ्यावा ही अपेक्षाच चुकीची आहे. तेथील कण्हेर काढून दोन मीटरचा भाग शहाबादी फरशीने बांधून घेण्याचे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सदाफुली ठेवण्याचे पत्र दिले. अभियंत्यांनी तेथे गतिरोधकाची शिफारसही जोडली.

४ ऑगस्ट

तणांचा जोर आहे. गाजरगवत फुलण्यापूर्वी उपटणे चालू असून त्याचे परागकण अंगावर येतात म्हणून मजुरांना हातमोजे आणि तोंडाला रुमाल बंधनकारक केला. तरोटाही भरपूर उगवला आहे. तो गाजरगवताला दाबतो, म्हणून फाटकाकडच्या मोकळ्या जागेत तो राहू दिला.

२० ऑगस्ट

पोळा परवावर आला आहे. तोरण जिथे बांधतात त्या भागात बैलांच्या रांगा पाहण्यासाठी लोक दुभाजकावरच उभे राहतात. तेवढ्या पट्ट्याला बांबू आणि दोरीचे तात्पुरते कुंपण घातले. पोलीस ठाण्यालाही कळवले आहे.

२६ ऑगस्ट

गेल्या आठवड्यापर्यंत लागून राहिलेल्या पावसाने शाळेजवळच्या सखल भागातील सदाफुली बुडाशी काळी पडून कोलमडली. या झाडाला ऊन कितीही चालते, पण ओलीत पाय राहिले की मूळकूज होते. तेथे खोदून पाहता तळाचा पाइप एका चबुतऱ्याभोवती वळवताना उलट उताराने बसला होता. तो दुरुस्त करून वर मुरुमाचे प्रमाण वाढवले. नवी रोपे आणण्याची गरज नाही. शेजारच्या ताटव्याखाली पडलेल्या बियांची भरपूर रोपे उगवली आहेत, ती हलवता येतील.

१७ सप्टेंबर

कण्हेरीवर बोटाएवढ्या जाड हिरव्या अळ्या दिसू लागल्या. डोक्यामागे निळे डोळ्यांसारखे ठिपके असल्याने लोक घाबरले आणि कोणी ती सापाची जात असल्याचे सांगितले. ही कण्हेरीवरच्या पतंगाची अळी असून तिचा माणसाला काही उपद्रव नाही. तगरीवरही ती येते. तिने काही फांद्या पानांविना केल्या आहेत, पण झाड मरत नाही. भर रस्त्यावर रासायनिक फवारणी करणे मला मान्य नाही; अळ्या हाताने वेचून घेतल्या आणि कोवळ्या शेंड्यांवरील पिवळ्या माव्यासाठी पाच टक्के निंबोळी अर्क फवारला.

६ नोव्हेंबर

नगर परिषदांच्या निवडणुकीची आचारसंहिता लागू झाल्याने दुभाजकाच्या दोन्ही टोकांना बसवलेल्या नामफलकांवर कागद चिकटवण्यात आला आहे. उद्घाटन अर्थातच पुढे गेले. झाडांना याचे काही सोयरसुतक नाही. बाजार समितीच्या बाजूची कण्हेर कमरेएवढी झाली आहे.

कापसाच्या गाड्या सुरू झाल्या. गाडीबाहेर आलेले बोजे फांद्यांना घासतात, त्यामुळे कर्बच्या रेषेबाहेर आलेली प्रत्येक फांदी आताच कापणे भाग आहे.

२४ नोव्हेंबर

पहिली छाटणी झाली. कण्हेरीची छाटलेली डहाळी वाळल्यावरही विषारीच राहते, उलट ताजे पान जनावर कडवटपणामुळे टाळते तसे वाळलेल्याच्या बाबतीत होईलच असे नाही. म्हणून छाट रस्त्याच्या कडेला एक तासही पडू द्यायचा नाही, थेट ताडपत्रीवर घेऊन ट्रॉलीत भरायचा आणि कचरा डेपोच्या कुंपणाच्या आत खड्ड्यात पुरायचा, असा नियम केला. चुलीसाठी वाळक्या काटक्या मागायला काही बायका आल्या होत्या. कण्हेरीचा धूरही अपायकारक असल्याचे त्यांना समजावून सांगितले आणि त्यांना बोगनवेलीची छाटही न देता रोपवाटिकेतील बाभळीचे सरपण दिले, म्हणजे कोणते लाकूड चालते आणि कोणते नाही याचा घोळ होणार नाही. गुरे राखणाऱ्यांना वेगळे भेटून हेच सांगितले.

देखभालीचा करार पुढील दोन वर्षांचा आहे. त्यात छाटणीच्या विल्हेवाटीची अट, ड्रिपर दर महिन्याला धुण्याची अट आणि मार्च ते जून या काळात विभागवार पाण्याचे वेळापत्रक जोडून आज मसुदा नगर परिषदेकडे दिला. कूपनलिकेची पातळी उतरल्यास पर्यायी पाणी कोठून घ्यायचे, हा रकाना मुख्याधिकाऱ्यांनी भरून द्यायचा आहे. जानेवारीपर्यंत तो भरला गेला नाही, तर मी पुन्हा स्मरणपत्र देणार आहे.